लवंगेच्या वासाचं सिमेंट

—नाही नाही, बोलू नका मास्तर, बोललात की कॅप हलेल आणि मग सर मलाच विचारतील, बाई, पेशंटशी गप्पा मारत होतात का. कापूस चावून धरा. हां, असं. हिरडी पांढरी पडलीये ना तुमची, कॅपनं दाबलीये म्हणून — ती परत गुलाबी होईपर्यंत थांबायचं, सात मिनिटं, कधी दहा, ज्याची त्याची हिरडी. आत्ता कॅप नुसती बसवलीये, चिकटवलेली नाही, म्हणून तर म्हणतेय बोलू नका, गिळलीत तर पुढचे दोन दिवस तुमचेही वाईट जातील आणि आमचेही. हो म्हणायचं तर अंगठा दाखवा, नाही म्हणायचं तर नुसतं बघा माझ्याकडे. दुखलं तर डावा हात वर. सर गॅलरीत गेलेत, ते बघा, काचेतून दिसतात फेऱ्या मारताना — उद्या भाषण आहे त्यांचं, दातांच्या डॉक्टरांची मोठी सभा आहे, तिथल्यांचाच फोन, तो काही लवकर संपत नाही.

मघाशी तुम्ही विचारलंत, हे पडणार तर नाही ना, आणि सर म्हणाले, पक्कं सिमेंट लावतो आपण, मास्तर, एक वेळ जबडा हलेल, कॅप हलायची नाही. सगळ्यांना हेच सांगतात. तुम्ही हसलात, सगळे हसतात. पण तुमचं समाधान झालेलं दिसलं नाही मला, तुम्ही सारखे जिभेनं चाचपत होतात, अजूनही चाचपताय — नका चाचपू. वेळ आहे तर सांगते. तुमच्या हाडात स्क्रू आहे, स्क्रूवर खुंट, खुंटावर ही कॅप. मधे सिमेंट. आता सिमेंट दोन जातींचं. एक पक्कं, पूड आणि पाणी कालवायचं, ते एकदा धरलं की कॅप काढायला ती कापावी लागते. दुसरं कच्चं — दोन नळ्यांतून येतं, लवंगेच्या तेलाचं, वास येतो — ते धरून ठेवतं पण उद्या खालचा स्क्रू सैल झाला, घट्ट करायचा झाला, तर दोन टिचक्या मारून कॅप हातात. तुम्ही शिंपी आहात, तुम्हाला मी काय सांगायचं, कच्चा टाका आणि पक्का टाका. उसवायची वेळ येणार असेल तिथे तुम्ही आधी कच्चाच घालता ना? अंगठा. बघा, तुम्हाला कळलं, सरांना बावीस वर्षांत कळलेलं नाही.

असं म्हणायला नको होतं मी. सर चांगले आहेत. हात बघितलात ना त्यांचा, सुई कधी टोचली कळलं पण नसेल. आणि खऱ्या दातावर पक्कंच लागतं, त्यात वाद नाही, तिथे फट राहिली की आत कीड शिरते. पण हा खुंट धातूचा, त्याला कीड कसली लागतेय. धातूवर भीती वेगळीच. जास्तीचं सिमेंट कॅपखालून बाहेर येतं ना, ते हिरडीच्या आत जाऊन बसतं. खऱ्या दाताला हिरडी घट्ट धरून असते, आत जाऊ देत नाही; खुंटाला ती नुसती टेकलेली असते, सैल कॉलरसारखी. सिमेंट सरळ खाली. आणि पक्कं सिमेंट तिथे एकदा वाळलं की दगड. आमच्याकडचं एक्स-रेतसुद्धा नीट दिसत नाही, धातूच्या आड लपतं. लवंगवालं निदान पांढरंशुभ्र दिसतं, आणि दोऱ्यानं ओढलं तर निघून येतं. पक्कं आत राहिलं की हिरडी सुजते, मग हाड झिजतं, वर्ष-दीड वर्ष पेशंटला काही कळत नाही, आणि एक दिवस स्क्रू खुंटासकट हातात येतो. दुखत नाही फार. तेच वाईट.

नाही नाही, घाबरू नका, डावा हात खाली घ्या. तुमचं तसं काही होणार नाही. का होणार नाही ते — बरं, सांगते, तुम्ही कुठे बोलणार आहात.

इथे काम कसं चालतं ते बघितलंत ना तुम्ही? सर तुमच्या तोंडाशी. मी इथे, ह्या ओट्याशी, सरांकडे पाठ करून. सर म्हणतात, बाई, सिमेंट. मी कालवते, कॅपमध्ये आतून पातळ हात फिरवते, कॅप त्यांच्या हातात देते. बावीस वर्षं. एकदाही सर वळून बघत नाहीत. गरजच काय, माझा हात त्यांना माहिती. तर गेली सहा वर्षं सर म्हणतात पक्कं आणि मी कालवते कच्चं. वास? वास येतो ना, सबंध खोलीत येतो, पण दातांच्या दवाखान्यात लवंगेचा वास येणारच, पेशंटला त्यात काय नवल. आणि सरांचं नाक एका तापात गेलं, त्यालाही सहा वर्षं होत आली. गॅस सुरू राहिला तरी त्यांना कळत नाही, घरी त्यांच्या मिसेस दर तासाला स्वयंपाकघरात डोकावतात. मी काही त्यांच्या नाकाचा फायदा घ्यायचा म्हणून घेतला नाही. म्हणजे घेतला. पण आधी ठरवलं, नाक नंतर गेलं. पहिले दोन महिने मी खिडकी उघडी ठेवायची.

सगळ्यांना सरसकट नाही हं. एवढी मूर्ख नाही मी. ज्याचा खुंट आखूड, त्याला कच्चं पुरत नाही, त्याला मी पक्कंच देते आणि मग सर दुसऱ्या खुर्चीकडे गेले की तीन तीनदा दोरा फिरवते, पेशंट वैतागतात. बाकीच्यांना कच्चं. सहा वर्षांत एकशे अडतीस कॅपा, त्यातल्या सात सुटून आल्या. सातही जण रुमालात कॅप गुंडाळून आले आणि सरांची माफी मागून गेले. सरांनी विचारलं ना, काय चावलंत? प्रत्येकानं काहीतरी कबूल केलं. एकानं बाटलीचं बूच सांगितलं, एका आजींनी तर बर्फ सांगितला, त्यांना थंड सोसत नाही, त्या कशाला बर्फ चावतील. पण डॉक्टरांनी विचारलं की माणूस काहीतरी कबूल करतोच. मी शेजारी उभी राहून परत कच्चं कालवत होते. आणि हाड? एकाचंही गेलं नाही. एकशे अडतीसमध्ये एकाचंही नाही.

आणि तिथेच घोळ झाला ना. सरांनी आकडे काढले. मीच काढून दिले फायलीतून, त्यांनी मागितले, काय सांगू. उद्या सर सभेत उभे राहून सांगणार, पक्कं सिमेंट वापरा, बिनधास्त वापरा, माझ्याकडे एकशे अडतीस कॅपा, हाडाला धक्का नाही. गेला आठवडाभर ते भाषण मला म्हणून दाखवताहेत, इथेच, त्या स्टुलावर बसून, आणि मी सक्शनच्या नळ्या धुता धुता हं हं करतेय. बोलतात छान. ऐकणारे डॉक्टर घरी जाणार, आपापल्या बाईला सांगणार, पक्कं कालव. आणि ती कालवणार, मास्तर. तिला कोण सांगणार आहे?

भाषणात पडद्यावर चित्रं दाखवणार आहेत, त्यातल्या शेवटच्या चित्रात माझा फोटो आहे. सरांनी मला न सांगता घातला, काल चुकून पडद्यावर आला. मी ओट्याशी उभी, पाठमोरी. खाली लिहिलंय, ह्या प्रत्येक कॅपचं सिमेंट ज्यांनी कालवलं त्या आमच्या बाई. मी म्हटलं, सर, हे कशाला. ते म्हणाले, खरं आहे ते लिहिलं.

बघू हिरडी. ओठ वर. अजून फिकीच आहे. चावा.

मग सांगून का टाकत नाही, असंच ना? तुमच्या भुवयांवरून कळतं. मीही स्वतःला हेच विचारते, सहा वर्षं रोज विचारते असं नाही, पण ह्या आठवड्यात रोज. सांगायला हरकत नाही हो, सर ओरडतील, काढून टाकतील, ते सोसेन मी. पण सांगितलं की ते विचारणार, का केलंत? आणि त्याचं उत्तर आमच्या घरापासून सुरू होतं. आमच्या ह्यांच्या दाढेपासून. ह्यांना तुम्ही ओळखता — उंच आहेत, कानावर पेन्सिल असते, तुमच्याकडे पँटी आत घ्यायला आणतात. दोनदा आणल्या, दोन्ही वेळा दोन दोन इंच. अंगठा. हां, तेच. साखर सोडल्याचं सांगितलं असेल त्यांनी तुम्हाला, सगळ्यांना सांगतात. तुमची बिस्किटाची पुडी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं? वाटलंच मला.

साडेसात वर्षं होतील, ह्यांना खालची दाढ बसवली, इथेच, ह्याच खुर्चीत. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. भांडण कशावरून, तर ह्यांनी मला न विचारता स्वयंपाकघरातल्या कपाटाला निळा रंग दिला. मी कामावर होते, हे सुट्टीवर, हौस आली, दिला. वाईट नव्हता निळा. पण विचारायचं ना माणसानं. मी बोलणं टाकलं. आणि दुपारी हे इथे कॅप बसवून घ्यायला हजर, आधीच ठरलेलं होतं. मी पक्कं कालवलं, तेव्हा पक्कंच कालवत होते मी, सरांनी कॅप बसवली आणि म्हणाले, बाई, तुमच्याच घरचा पेशंट, तुम्हीच साफ करा, आणि गेले पलीकडे. आता सिमेंट वाळायच्या आत जास्तीचं काढायचं असतं, दोरा घालून, सगळीकडून, आतल्या अंगालासुद्धा, दोन मिनिटांचं काम पण मन लावून करायचं. मी केलं. राग धरून केलं. हे बोटानं दाखवत होते, आतल्या बाजूला, इथे, काहीतरी टोचतंय. तोंडात कापूस, बोलता येत नव्हतं, नुसतं बोट. मला कळलं होतं, मास्तर. कळलं नाही असं नाही. मी त्यांचा हात धरून खाली ठेवला आणि म्हटलं, गप्प बसा.

दीड वर्षानं स्क्रू हातात आला. सरांच्या चिमट्यात, अलगद, ओल्या मातीतून गाजर यावं तसा. सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी ह्यांचे रक्ताचे रिपोर्ट मागवले, साखर जराशी काठावर होती — काठावर हं, पलीकडे नाही — आणि सरांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ही साखरेची करामत, हाडानं धरलं नाही. सरांनी मनापासून सांगितलं. स्क्रू माझ्याकडे दिला धुवायला. मी नळाखाली धरला आणि रक्त गेल्यावर दिसलं, मानेशी, आतल्या अंगाला, पिवळट कड, किटलीच्या तळाला धरते ना तशी. नखानं गेली नाही. सिमेंट. मीच कालवलेलं, माझा हात मला कळतो. बरोबर तिथेच, जिथे ते बोट दाखवत होते.

मी नळ बंद केला. बाहेर आले तर हे सरांना शब्द देत होते की आजपासून साखर बंद. आधी तीन चमचे घ्यायचे हो चहात. डब्यातली साखर नुसती चमच्यानं खायचे, लहान मूल असल्यासारखे, मी डबा वरच्या फळीवर ठेवला तर स्टूल घ्यायचे. तो माणूस त्या दिवशी संध्याकाळी काळा चहा घेऊन बसला आणि मला म्हणाला, माझंच चुकलं, तू किती वर्षं सांगत होतीस. मी म्हटलं, हं.

हं म्हटलं मी. मग दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग रविवारी सांगू. मग रिपोर्ट आला, साखर उतरली होती, हे इतके खूश, म्हणाले, त्या दाढेनं माझा जीव वाचवला. तब्येत सुधारली त्यांची, पँटी सैल झाल्या, सकाळी फिरायला जातात, मुलीकडे गेले की तिच्या सासूला पथ्य समजावून सांगतात. ती बिचारी टाळते त्यांना. दुसरी दाढ बसवायला मात्र तयार नाहीत, म्हणतात, माझ्या हाडाचा भरवसा नाही. एका बाजूनं चावतात. सहा वर्षं एका बाजूनं चावताहेत आणि मी समोर बसून बघते. मला लाज वाटते, मास्तर. चहा गाळताना वाटते, साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या तरी वाटते. नवऱ्याला खरं सांगता आलं नाही म्हणून मी परक्या शंभर-सव्वाशे लोकांना कच्चं सिमेंट लावलं, असाच हिशेब आहे त्याचा, दुसरं काही नाही. मला वाटायचं फिटेल हळूहळू.

तो स्क्रू आहे माझ्याकडे. ह्या खालच्या खणात, कापसाच्या मागे, डबीत.

शनिवारी हे तुमच्याकडे येणार आहेत ना, करड्या पँटीसाठी? तर तुम्ही बोलू नका. आत्ता नाही म्हणत मी, शनिवारी. म्हणजे — असं बघू नका. मी ह्यातलं इतकं सांगणारच नव्हते, मी तुम्हाला फक्त सिमेंटच्या दोन जाती सांगणार होते. तुमचा चेहराच तसा आहे, गळ्यात टेप असलेल्या माणसासमोर सरळ उभं राहावंसं वाटतं. नाही, बघू नका, खरंच. तुम्ही सांगितलंत तर ते हसतील तुमच्यासमोर, त्यांचा तसा स्वभाव आहे, आणि घरी येऊन मला विचारणार पण नाहीत. ते जास्त वाईट. मी सांगेन. शनिवारच्या आधी सांगेन.

आता तुमचं काय करायचं ते बोलू, कारण गुलाबी होत आलीये. तुमचं अवघड आहे. समोरचा दात, कॅपची कड हिरडीत खोल, म्हणजे कच्चंच बरं, पक्कं आत राहिलं तर मला दिसणारसुद्धा नाही. खुंटही चांगला लांब आहे. पण तुम्ही दोरा दातानं तोडता. हा दातही तसाच तुटला, तुम्ही सरांना जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलंत, पण शेजारच्या दाताला चीर आहे दोऱ्याची, मला दिसते, मी बावीस वर्षं काय बघतेय मग. डॉक्टरांनी विचारलं की माणूस काहीतरी सांगतोच. कच्चं लावलं आणि तुम्ही सवयीनं दोरा तोडलात तर कॅप गिऱ्हाइकाच्या कोटावर जाऊन पडेल. पक्कं लावलं आणि मी दोरा फिरवताना माझं लक्ष नसलं तर काय होतं ते तुम्हाला आत्ताच सांगितलं. दोन्ही नळ्या आणि पुडीची बाटली, सगळं काढून ठेवलंय मी तुम्ही आल्यापासून, आणि अजून एकालाही हात लावला नाही. असं कधी होत नाही माझं. कात्री वापराल का? शप्पथ? अंगठा नीट दाखवा, अर्धा नको.

ठीक आहे.

पण हे मी कोण ठरवणार? सहा वर्षं ठरवतेय खरी, पण मी कोण? हिरडी तुमची, नाव सरांचं, आणि उद्या सभेत बसलेल्या सगळ्या डॉक्टरांच्या बायका — म्हणजे तशा बायका नव्हे हो, ओट्याशी पाठ करून उभ्या असणाऱ्या, माझ्यासारख्या — त्यांच्या घरीही कपाटाला कोणीतरी निळा रंग देणारच की कधीतरी.

फोन ठेवला बघा त्यांनी. चष्मा पुसताहेत, म्हणजे खुशीत आहेत.

—हो सर, झाली गुलाबी, बघा ना. नाही, काही नाही, मास्तरांना पथ्य सांगत होते. नाही, अजून कालवलं नाही. हातमोजे थांबा सर, नंतर घाला. आणि स्टूल असं फिरवून घ्या. इकडे. माझ्याकडे तोंड करून. नाही, भाषणाचं नाही. म्हणजे भाषणाचंच. आज मी काय कालवते ते तुम्ही बघा, पण त्याच्या आधी ही डबी उघडा. — मास्तर, तुम्ही कापूस चावून धरा, जरा वेळ लागेल.